एका फॉरवर्डपासून दप्तरखान्यापर्यंत : लीलंड स्टॅनफर्डच्या कागदांत आठ महिने

विटक्या कपड्यांतलं एक जोडपं हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांना भेटायला जातं. सेक्रेटरी त्यांना तासन् तास ताटकळत ठेवते. त्यांचा मुलगा तिथे वर्षभर शिकून वारलेला असतो आणि त्याच्या आठवणीसाठी त्यांना एखादी इमारत बांधून द्यायची असते. इमारतीला किती खर्च येतो माहीत आहे का, असं अध्यक्ष तुच्छतेने विचारतात. त्यावर बाई नवऱ्याला म्हणते, एवढंच लागत असेल तर आपण आपलं स्वतःचं विद्यापीठच काढू. ते जोडपं म्हणजे स्टॅनफर्ड पतिपत्नी.

हा मजकूर तुमच्याही घरच्या ग्रुपवर कधीतरी आला असेल. मला तो नागपूरच्या काकांनी ७ जानेवारी २०२४ ला पाठवला. त्याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकताईंचा फोन आला. ‘आपण जिथे राहतो तिथली माणसं’ असा विषय होता. मी म्हटलं, स्टॅनफर्डवर लिहिते. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये राहून मला अकरा वर्षं झाली. भारतातून कोणी आलं की त्यांना त्या विद्यापीठाच्या कमानींखालून फिरवून आणायचं हे ठरलेलंच असतं. गोष्ट तर हातात होतीच, तीन हजार शब्द आठवडाभरात होतील असं वाटलं.

लेख पूर्ण व्हायला ऑगस्ट उजाडला. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. बी.कॉम. केलं आणि इथे एका दवाखान्याचे हिशेब ठेवते, आठवड्यातले चार दिवस. दप्तरखान्यात जाऊन जुने कागद बघणं हे प्राध्यापकांचं काम, आपल्याला दारातूनच परत पाठवतील, अशी माझी खात्री होती. ज्यांना असंच वाटतं त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिल्याच संध्याकाळी काकांच्या गोष्टीला तडे गेले. मुलगा लीलंड ज्युनिअर हार्वर्डमध्ये कधीच शिकला नव्हता. तो १३ मार्च १८८४ ला इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये विषमज्वराने गेला. सोळावा वाढदिवस दोन महिन्यांवर आला होता. वडील लीलंड स्टॅनफर्ड तोपर्यंत कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होऊन गेले होते, एका अवाढव्य रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते. अशा माणसाला दारात ताटकळत कोण ठेवेल? हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना ते दोघं त्याच वर्षी भेटले हे खरं आहे. विद्यापीठ काढायचं तर कसं, याचा सल्ला मागायला गेले होते आणि एलियट यांनी तो नीट दिला. मी काकांना तसं कळवलं. त्यांनी विचारलं, “अगं, मग खरं काय आहे ते कुठे लिहिलंय?” मला उत्तर देता येईना.

फेब्रुवारी महिना घरच्या घरीच गेला. रात्री जेवणं आटोपली की दीड तास, एवढाच वेळ. इथे एक गोष्ट आधी सांगते, कारण ती मला फार उशिरा कळली. कॅलिफोर्नियातल्या कितीतरी संग्रहालयांच्या आणि ग्रंथालयांच्या दप्तरांच्या याद्या ‘ऑनलाइन आर्काइव्ह ऑफ कॅलिफोर्निया’ नावाच्या संकेतस्थळावर एकत्र मिळतात. कोणत्या खोक्यात, कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या सालचं काय आहे हे आधी तिथे बघायचं. कागद स्वतः तिथे नसतात, यादी असते. यादी न वाचता दप्तरखान्यात जाणं म्हणजे गट नंबर माहीत नसताना तलाठ्याकडे उतारा मागायला जाणं. दुसरी सोय म्हणजे कॅलिफोर्नियाच्या जुन्या वृत्तपत्रांचा डिजिटल संग्रह. सॅक्रामेंटो डेली युनियन, डेली अल्टा कॅलिफोर्निया असे अंक तिथे फुकट वाचता येतात आणि नावावरून शोधताही येतात.

त्या महिन्यात स्टॅनफर्डच्या चरित्राचा सांगाडा उभा राहिला. जन्म ९ मार्च १८२४, न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हलीटचा. वडील शेती करत, खाणावळही चालवत. आल्बनीत वकिली शिकून हा विस्कॉन्सिनमधल्या पोर्ट वॉशिंग्टनला गेला. १८५० मध्ये जेन लॅथ्रॉपशी लग्न झालं. १८५२ मध्ये आगीत त्याची कायद्याची पुस्तकं जळाली आणि त्याच वर्षी तो कॅलिफोर्नियाला निघाला. सोन्याच्या शोधात गेलेल्यांपैकी फार थोडे श्रीमंत झाले. त्यांना फावडी, पीठ, बूट विकणारे मात्र झाले. स्टॅनफर्ड बंधू विकणाऱ्यांत होते. मिशिगन ब्लफ नावाच्या खाणवस्तीत त्याचं किराणा दुकान होतं, पुढे सॅक्रामेंटोत घाऊक व्यापार. रिपब्लिकन पक्ष तिथे नवा होता. १८५७ मध्ये हा राज्याच्या खजिनदारपदासाठी पडला, १८५९ मध्ये गव्हर्नरपदासाठी पडला, १८६१ मध्ये निवडून आला. त्याच वर्षी २८ जूनला सेंट्रल पॅसिफिक रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि तिचा अध्यक्षही हाच. म्हणजे सरकारचा प्रमुख आणि सरकारी मदत घेणाऱ्या कंपनीचा प्रमुख एकच. हिशेबाच्या माणसाला हे वाक्य दोनदा वाचावं लागतं.

१ मार्चला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विशेष संग्रह विभागाच्या संकेतस्थळावर खातं उघडलं. त्यासाठी पैसे लागत नाहीत, विद्यार्थी असायची अट नाही. नाव, पत्ता, काय अभ्यासताय ते दोन ओळींत. त्या दोन ओळींना मला तीन दिवस लागले. ‘संशोधन’ म्हणायची हिंमत होईना. शेवटी लिहिलं, ‘मराठी वाचकांसाठी एक लेख’. सोबत मदतीसाठी ईमेल पाठवलं. चार दिवस काहीच नाही, मी आशा सोडली. पाचव्या दिवशी उत्तर आलं. कोणते खोके उपयोगी पडतील, त्यांतले कोणते दुसऱ्या गोदामात आहेत आणि कधी मागवावे लागतील, सगळं नीट सांगितलेलं. शेवटी ‘लेख छापून आला की आम्हालाही कळवा’ असं होतं. ते पत्र मी नवऱ्याला वाचून दाखवलं.

कागद बहुधा दुसऱ्या इमारतीत ठेवलेले असतात, म्हणून जाण्याच्या निदान आठवडाभर आधी मागणी नोंदवा. मी एका वेळी पाच खोके मागितले होते, दिवसाला दोनच वाचून झाले.

शुक्रवार, १५ मार्च. कॅलट्रेनने पालो आल्टो, तिथून विद्यापीठाची फुकट शटल बस. ग्रीन लायब्ररीच्या दारात ओळखपत्र दाखवून पास घेतला. वाचनकक्षात बॅग, पाण्याची बाटली, पेन, काही न्यायचं नाही. सगळं लॉकरमध्ये. आत फक्त पेन्सिल, सुटे कागद, लॅपटॉप आणि फोन. फ्लॅश न लावता फोनने फोटो काढता येतात. हातमोजे देतील असं मला सिनेमांमुळे वाटत होतं. कागदांसाठी मोजे नकोत, हात धुऊन कोरडे करून या, असं सांगितलं. एका वेळी टेबलावर एकच फोल्डर, आणि कागदांचा क्रम जसा आहे तसाच ठेवायचा. आत थंडी असते, स्वेटर न्या.

पहिलं पत्र उघडलं आणि एकही ओळ लागेना. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी कर्सिव्ह, उजवीकडे झुकलेलं, शब्द एकमेकांत गुंतलेले. घशाशी आवंढा आला. वीस मिनिटं मी नुसतीच कागदाकडे बघत बसले होते. मग माझ्या आजोबांची आठवण झाली. आमच्या घरात जमिनीची मोडीतली कागदपत्रं होती आणि आजोबा ती वाचताना आधी ठरलेले शब्द शोधायचे. ‘श्री’ कुठे आहे, तारीख कुठे, गावाचं नाव कुठे. ओळखीच्या शब्दांवरून त्या माणसाची अक्षरं कळतात, मग बाकीचं उलगडतं. मी तेच केलं. ‘Dear’ला मराठीत काय म्हणायचं ते सोडा, पण पत्राचा मायना, सही, ‘सॅक्रामेंटो’, ‘कॅलिफोर्निया’ हे शब्द शोधले आणि त्यांतल्या अक्षरांची एक बाराखडी कागदावर काढली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाऊण पत्र वाचून झालं होतं. तुम्ही असं काही करणार असाल तर ही बाराखडी प्रत्येक हस्ताक्षराची वेगळी काढा.

दुपारी मुलाची पत्रं असलेला फोल्डर होता. लग्नानंतर अठरा वर्षांनी झालेलं एकुलतं एक मूल, आई तेव्हा एकोणचाळीस वर्षांची. त्याच्या जाण्याला दोनच दिवसांपूर्वी १४० वर्षं झाली होती, हे तारीख लिहिताना लक्षात आलं. माझा धाकटा पंधरा वर्षांचा आहे. त्या दिवशी मी ठरल्यापेक्षा तासभर आधीच निघाले.

‘कॅलिफोर्नियाची मुलं हीच आता आमची मुलं’ असं स्टॅनफर्ड मुलाच्या मृत्यूनंतर म्हणाला, असं सगळीकडे छापलेलं असतं. त्यामागचं दुःख खरं असल्याची खात्री मला ११ नोव्हेंबर १८८५ च्या देणगीपत्राने दिली. कायद्याच्या रुक्ष भाषेत शेतं, मळे, जमिनी लिहून दिल्या आहेत. पालो आल्टोची घोड्यांची शेती त्यातलीच एक, म्हणून विद्यापीठाला आजही इथे ‘फार्म’ म्हणतात. कोनशिला बसवली ती १४ मे १८८७ ला, म्हणजे मुलाच्या वाढदिवशी. १ ऑक्टोबर १८९१ ला वर्ग सुरू झाले, मुली आणि मुलगे एकत्र, आणि सुरुवातीला फी नव्हती.

मार्च-एप्रिलमध्ये मी चार शुक्रवार गेले. चौथ्या दिवसापर्यंत या माणसाबद्दल मला आपुलकी वाटू लागली होती, आणि लेख कसा होणार हे मनात पक्कं झालं होतं. दुकानदार, गव्हर्नर, रेल्वे, दुःख, विद्यापीठ. मग सॅक्रामेंटो झालं.

शुक्रवार, १९ एप्रिल. सांता क्लाराहून पहाटेची कॅपिटल कॉरिडॉर गाडी. तीन तासांहून थोडा जास्त वेळ, येऊन-जाऊन तिकीट ऐंशी डॉलरच्या आसपास. आठवा रस्ता आणि एन रस्ता यांच्या कोपऱ्यावर स्टॅनफर्डचा वाडा आहे, तो आता राज्याचं स्मारक आहे. गाईडबाईंनी १० जानेवारी १८६२ चा दिवस सांगितला. शहर पुरात बुडालेलं. नवा गव्हर्नर शपथ घ्यायला होडीतून गेला. घरी परतल्यावर वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरावं लागलं, असं सांगतात. पुढे वाडा उचलून वाढवला. १९०० मध्ये जेनने तो अनाथ मुलांसाठी देऊन टाकला.

तिथून रेल्वे संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर. सेंट्रल पॅसिफिकचं पहिलं इंजिन तिथे आहे, त्याचं नावच ‘गव्हर्नर स्टॅनफर्ड’. अमेरिकेच्या पूर्व-पश्चिमेला जोडणाऱ्या रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकण्याच्या समारंभाचं, थॉमस हिलने काढलेलं भलंमोठं चित्रही आहे. त्या चित्रात इंजिनिअर थिओडोर जुडाह उभा आहे. सिएरा पर्वतातून रेल्वे नेता येईल हे ज्याने शोधलं आणि स्टॅनफर्डसह चार व्यापाऱ्यांच्या गळी उतरवलं, तो हा माणूस. प्रत्यक्षात तो १८६३ मध्येच, पनामामार्गे न्यूयॉर्कला जाताना लागलेल्या पिवळ्या तापाने गेला होता, खिळा ठोकला गेला १० मे १८६९ ला. चित्रकाराने त्याला जागा दिली हे मला बरं वाटलं.

परतीच्या गाडीत मी त्या पुराच्या दिवशीचं गव्हर्नरचं भाषण वाचायला काढलं. छापील प्रत आदल्या दिवशीच घेतली होती, वाचली नव्हती. युद्ध, कर, रेल्वे. आणि मध्ये एक परिच्छेद. आपल्यामध्ये एका हीन वंशाची वस्ती होणं प्रत्येक कायदेशीर मार्गाने रोखलं पाहिजे, हे माझ्या मते स्पष्ट आहे, असं तो म्हणतो. आशिया आपल्या अगणित जनतेतला गाळ आपल्या किनाऱ्यावर पाठवतो, असंही म्हणतो. रोख चिनी लोकांवर होता. पण शब्द ‘आशिया’ आहे. डब्यात माझ्या समोर एक तेलुगू कुटुंब बसलं होतं, त्यांची मुलगी स्टॅनफर्डचा स्वेटर घालून झोपली होती. मी कागद घडी करून ठेवला आणि डेव्हिस येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

त्यानंतर दोन आठवडे मी काहीच लिहिलं नाही. संपादकताईंना सांगितलं, विषय बदलते. त्या म्हणाल्या, “तू आधी पुढचं वाच, मग ठरव.”

पुढचं वाचलं. तीन वर्षांतच सिएरा पर्वताशी गाठ पडली तेव्हा त्या कंपनीला मजूर मिळेनात. गोरे मजूर चांदीच्या खाणींकडे पळत होते. मग चिनी मजूर घेतले, आधी पन्नास, मग हजारो. १० ऑक्टोबर १८६५ ला स्टॅनफर्डने राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना कामाचा अहवाल पाठवला. त्यात हेच लोक शांत, सोशिक, कष्टाळू आणि काटकसरी ठरले, आणि त्यांच्याशिवाय हे काम मुदतीत होणं अशक्य आहे असं लिहिलं. पुढे ही संख्या दहा हजारांच्या वर गेली. ग्रॅनाइटचे बोगदे, बर्फाचे कडे, सुरुंग. डोनर खिंडीजवळचा बोगदा १,६५९ फूट लांब आहे. जून १८६७ मध्ये सुमारे तीन हजार चिनी मजुरांनी काम थांबवलं. महिना चाळीस डॉलर आणि कामाचे कमी तास, एवढी मागणी. कंपनीने त्यांचं अन्नधान्य तोडलं. आठवडाभरात संप संपला.

मला त्यांची नावं हवी होती. सेंट्रल पॅसिफिकची त्या काळातली पगारपत्रकं सॅक्रामेंटोच्या रेल्वे संग्रहालयाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांचे स्कॅन मी मे महिन्यात बघितले. पगारपत्रक म्हणजे माझं रोजचं काम. डावीकडे नाव, मग दिवस, दर, रक्कम. गोऱ्या माणसांची ओळीने नावं आहेत. चिनी मजुरांच्या रकान्यात टोळीच्या मुकादमाचं एक नाव, टोळीचे एकूण दिवस आणि एकूण रक्कम. जानेवारी १८६४ च्या पत्रकात ‘हंग वा’ हे नाव सापडतं. त्याच्या हाताखालचे लोक म्हणजे फक्त आकडा. स्टॅनफर्ड विद्यापीठातच प्राध्यापक गॉर्डन चँग आणि शेली फिशर फिश्किन यांनी २०१२ पासून या मजुरांवर मोठा प्रकल्प चालवला. इतकं शोधूनही त्यांच्यापैकी एकाचंही पत्र वा रोजनिशी हाती लागली नाही. स्टॅनफर्डच्या मुलाने आईला लिहिलेलं पत्र मी हातात धरलं होतं. ज्यांनी डोंगर फोडला त्यांचा एक शब्द नाही.

माझं बालपण कर्जतचं. खंडाळ्याच्या घाटातून गाडीला मागून इंजिन लागताना बघत मोठी झाले. मुंबई ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, हे आम्हाला शाळेत पाठ होतं. बोरघाटाची चढण १८६३ मध्ये खुली झाली, आणि ८ जानेवारी १८६३ ला सॅक्रामेंटोत स्टॅनफर्डने रेल्वेच्या कामाची पहिली माती टाकली. बोरघाटात हजारो माणसं कामाला होती, पटकीने आणि अपघातांनी कितीतरी मेली. त्यांच्या पगारपत्रकात नावं होती का, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. त्या रात्री पडला, आणि त्याच रात्री मी लेख लिहायचा निर्णय घेतला.

जून महिना चौकशीच्या खंडांत गेला. सरकारने रेल्वे कंपन्यांना दिलेल्या कर्जाचं काय झालं हे बघायला १८८७ मध्ये पॅसिफिक रेल्वे आयोग बसला. त्याच्या साक्षींचे छापील खंड इंटरनेटवर स्कॅन केलेले सापडतात. स्टॅनफर्डची साक्ष लांबलचक आहे. कायदे करून घेण्यासाठी कोणाला पैसे दिले का, या प्रश्नावर तो वकिलाच्या सल्ल्याने उत्तर नाकारतो आणि न्यायालयही त्याच्या बाजूने निकाल देतं. रेल्वेचं बांधकाम ज्या कंपनीला दिलं होतं ती याच चौघांची, म्हणजे स्टॅनफर्ड, हंटिंग्टन, हॉपकिन्स आणि क्रॉकर यांची. तिच्या हिशेबाच्या वह्या आयोगाला मिळाल्याच नाहीत. आमच्या दवाखान्यात एक बिल सापडलं नाही तरी मला झोप लागत नाही. स्टॅनफर्ड तेव्हा अमेरिकेच्या सिनेटमध्ये होता, १८८५ पासून मरेपर्यंत. १८९० मध्ये भागीदार हंटिंग्टननेच त्याला त्यांच्याच दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या, सदर्न पॅसिफिकच्या, अध्यक्षपदावरून काढलं.

त्याच सिनेटमध्ये त्याने मजुरांच्या सहकारी संस्थांना कायद्याचा आधार देणारं विधेयक मांडलं होतं. शेतकऱ्यांना जमिनीच्या तारणावर स्वस्त सरकारी कर्ज द्यावं असंही विधेयक मांडलं. दोन्ही मंजूर झाली नाहीत. सहकाराच्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने हे वाचून काय करावं? मी दोन्ही गोष्टी लेखात शेजारी शेजारी ठेवल्या.

घोड्याच्या पैजेची गोष्टही याच महिन्यात निकालात काढली. धावताना घोड्याचे चारही पाय एकदम हवेत असतात का, यावर पंचवीस हजार डॉलरची पैज लागली होती असं सांगतात. पैजेचा त्या काळातला पुरावा मला सापडला नाही, म्हणून ती गाळली. छायाचित्रकार मायब्रिजने स्टॅनफर्डच्या पैशाने जून १८७८ मध्ये पालो आल्टोला ओळीने कॅमेरे लावून घोड्याचे फोटो काढले, हे पक्कं आहे, ते घेतलं. प्रत्येक वाक्यासमोर ते कुठून आलं हे लिहिलेली एक वही मी ठेवली होती. ही सवय लावून घ्या. ‘हे कुठेतरी वाचलंय’ असं ज्याच्यासमोर लिहावं लागलं, ते प्रत्येक वाक्य मी शेवटी काढलं.

जुलैत लिहायला बसले तेव्हा सगळ्यात जास्त जागा जेनने घेतली, ते ठरवून केलेलं नव्हतं. २१ जून १८९३ ला स्टॅनफर्ड झोपेत गेला. त्याच साली मोठी आर्थिक मंदी आली. इस्टेट न्यायालयात अडकली आणि वर सरकारने रेल्वेच्या कर्जापोटी तिच्यावर दीड कोटी डॉलरचा दावा लावला. विद्यापीठ बंद करा, असा सल्ला तिला दिला गेला. घरखर्चासाठी न्यायालयाने तिला महिन्याला दहा हजार डॉलर मंजूर केले होते. तिने प्राध्यापकांना घरचे नोकर म्हणून दाखवलं आणि त्यांचे पगार त्यातून भागवले. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा दावा फेटाळला. ती १९०५ मध्ये होनोलुलूत विषाने मरण पावली, आणि तिच्या मृत्यूबद्दल आजही वाद आहेत. दुसऱ्याच वर्षी भूकंपानंतरच्या आगीत त्यांचा सॅन फ्रान्सिस्कोचा वाडा जळून गेला.

एक छोटी भर इथेच. १८८८ च्या शेवटी पंडिता रमाबाई अमेरिकेचा दौरा आटोपून सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे मुंबईला निघाल्या. स्टॅनफर्ड तेव्हा याच राज्याचे सिनेटर होते. याहून अधिक संबंध मला दाखवता आला नाही, तरी ते वाक्य मी लेखात ठेवलं.

फोटोंच्या परवानगीचा बाऊ करू नका. १८६९ च्या फोटोंचा स्वामित्वहक्क कधीच संपला आहे. तरीही ज्या संस्थेकडून प्रत घेतली तिचं नाव कसं द्यायचं हे ईमेलने विचारलं, उत्तर यायला नऊ दिवस लागले. शेवटच्या खिळ्याच्या समारंभाचा रसेलने काढलेला प्रसिद्ध फोटो निवडला. त्यात मध्यभागी हस्तांदोलन करणारे दोघं इंजिनिअर आहेत, माँटॅग्यू आणि डॉज.

२ ऑगस्टला मजकूर दिला. दोन दिवसांनी संपादक मंडळाचा निरोप आला की दिवाळीचा अंक आहे, तो ‘हीन वंश’वाला परिच्छेद आणि संपाचा भाग काढता येईल का. मला वाईट वाटलं, राग आला नाही. मीही एप्रिलमध्ये तेच करू बघत होते. मी एवढंच म्हटलं की परिच्छेद काढला तर लेखही मागे घेते, मात्र तो लहान करून देते. आठवडाभर काही कळलं नाही. मग संपादकताईंचा फोन आला, “आहे तसा घेतोय. पगारपत्रकाचा स्कॅनही पाठव.”

खर्चाचं सांगायचं तर सहा वेळा कॅलट्रेन, एकदा सॅक्रामेंटो, संग्रहालयाचं तिकीट, छापील प्रती आणि एक चांगली पेन्सिल असे मिळून साडेतीनशे डॉलरच्या आत. दप्तर बघायला एक डॉलरही पडला नाही.

लेख गेल्यावर एका रविवारी धाकट्याला घेऊन विद्यापीठातल्या कँटर कला संग्रहालयात गेले. १० मे १८६९ ला युटामधल्या प्रोमोंटरी समिटला आणलेला सोन्याचा खिळा तिथे काचेत आहे. कडांवर अक्षरं कोरलेली, अधिकाऱ्यांची नावं. धाकट्याने चारही बाजूंनी फिरून ती वाचली. मग विचारलं, “हंग वा कुठल्या बाजूला आहे?”

काकांना लेखाची पीडीएफ पाठवली. त्यांनी ती त्याच ग्रुपवर टाकली, आणि खाली स्वतः टाइप केलं की आधीचा मजकूर चुकीचा होता.

डिसेंबरमध्ये तीन आठवडे कर्जतला आहे. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे बोरघाटाच्या कामाचे काय कागद आहेत ते विचारणारा अर्ज मी काल पाठवला. विषयाच्या रकान्यात या वेळी ‘संशोधन’ लिहिलं.